तिसऱ्या दिवशी आलेला गुण

गुडघ्यामागच्या लवणीत लिंबाएवढी गाठ तिसऱ्यांदा उठली तेव्हा मी खचले होते. मला आमवात आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. बोटं, मनगटं आणि उजवा गुडघा हे माझे त्रासाचे सांधे. गाठीतलं पाणी दोनदा सुईने काढून झालं होतं. दोन्ही वेळा काही महिने बरे गेले आणि मग एके सकाळी पाय सरळ करताना मागे तोच ताण जाणवला.

त्या दिवसांत एका ओळखीच्या बाईंनी एका माणसाचं नाव सुचवलं. तो नावाआधी डॉक्टर लावायचा. पदवी कुठली, नोंदणी आहे का, हे मी विचारलं नाही. त्याने गाठ दाबून पाहिली आणि म्हणाला, "ताई, सुईने नुसतं पाणी निघतं, मूळ आतच राहतं. मी मूळच जाळून टाकतो." मी फसले ती याच वाक्याला, कारण त्यात अर्धं सत्य होतं. या गाठीला बेकर सिस्ट म्हणतात आणि तिचं मूळ खरोखरच आत असतं. पण ते म्हणजे सुजलेला सांधा. सांध्यात जास्तीचं पाणी तयार होतं, ते मागच्या बाजूला ढकललं जातं आणि मधला रस्ता झडपेसारखा असल्यामुळे सहसा परत फिरत नाही. सांध्याची सूज आटोक्यात येत नाही तोवर गाठ पुन्हा भरू शकते. माझ्या डॉक्टरांनी हे मला पूर्वी सांगितलं होतं. पण त्यांच्या सांगण्यात "कायमचं बरं" हे शब्द नव्हते, त्याच्या सांगण्यात होते.

त्याने पुड्या दिल्या. भुरकट भुकटी, सकाळ-संध्याकाळ. पुडीवर ना नाव, ना घटक, ना तारीख. सोबत चोळायला तेल. सहा महिन्यांचे पैसे आधीच घेतले, पावती दिली नाही. आणि आठवड्यातून एकदा घ्यायची माझी आमवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी बंद करायला सांगितली. "ते विष आहे, त्यानेच सांधे खराब होतात," असं म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी उठले आणि माझी बोटं मिटली. रोज सकाळी तास-दीड तास आखडलेली असायची ती बोटं. आठवड्याभरात गाठ मऊ पडली, मी कठड्याला न धरता जिना उतरले. मला रडू आलं होतं. दुखण्यात वर्षं काढलेल्या माणसाला हे समजेल. त्या आनंदात मी आणखी दोघींना त्याच्याकडे पाठवलं.

पुढच्या चार-पाच महिन्यांत माझा चेहरा गोल होत गेला. सारखी भूक लागायची, रात्री झोप नसायची. जरा कुठे हात घासला तरी निळे डाग उठायचे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "औषध अंगी लागतंय." मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

मग एकदा पुड्या संपल्या आणि तो आठवडाभर भेटलाच नाही. चौथ्या दिवसापर्यंत मला उठवेना. उलट्या, चक्कर, अंगात बळ म्हणून नाही. सगळे सांधे एकदम पेटले, गाठ पूर्वीपेक्षा मोठी झाली. एका रात्री लवणीत काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि पोटरीत गरम पाणी उतरल्यासारखं वाटलं. सकाळी पोटरी टरटरून सुजली होती, घोट्याजवळ काळंनिळं पडलं होतं.

रुग्णालयात आधी पायाची डॉप्लर सोनोग्राफी केली. गाठ फुटली की पोटरी जशी दिसते, तशीच ती शिरेत रक्ताची गुठळी झाल्यावरही दिसते आणि गुठळी जिवावर बेतू शकते. म्हणून अशी पोटरी सुजली तर घरी चोळत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. गुठळी नव्हती. पण तिथल्या डॉक्टरबाई पायापेक्षा माझ्या चेहऱ्याकडेच बघत होत्या. "पुड्या कुठून घेता?" एवढंच त्यांनी विचारलं.

सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः तयार करतं ते स्टेरॉइड, अगदी कमी निघालं, साखर आणि रक्तदाबाचा तोल बिघडलेला होता. त्यांनी समजावलं की पुडीत स्टेरॉइड असणार. बाहेरून इतके दिवस मिळाल्यामुळे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींनी आपलं काम थांबवलं होतं, आणि पुडी एकदम बंद झाल्यावर शरीराकडे काहीच उरलं नाही. १९४८ साली फिलिप हेंच या अमेरिकन डॉक्टरांनी आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं तेव्हाही काही दिवसांतच चमत्कार वाटावा असा फरक पडला होता. १९५० साली त्या कामाला नोबेल मिळालं आणि दुष्परिणामही लवकरच समोर आले. स्टेरॉइड हे खरं औषध आहे, मलाही आता मोजून, उतरत्या मात्रेत तेच देत आहेत. पण तो माणूस मला न सांगता, न मोजता ते देत होता आणि सांधा वाचवणारी गोळी बंद करून बसला होता. त्या गोळीचा परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी गुण देणारी बिननावाची पुडी हाती आली, तर तेवढ्यावरूनच संशय घ्यायला हवा. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

आता गोळी पुन्हा सुरू आहे. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करते. गाठ आहे, लहान आहे. हाडांची घनता कमी झाली आहे, ती पूर्ण भरून येईल असं कुणी म्हणत नाही.

मी पाठवलेल्या दोघींपैकी शेजारच्या काकूंना पहिला फोन केला. "आजच फेकून देते त्या पुड्या," त्या म्हणाल्या. "काकू, फेकू नका आणि एकदम बंदही करू नका," मी अक्षरशः ओरडले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पुड्यांसकट त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांचंही कॉर्टिसॉल कमी निघालं. आता त्यांची मात्रा हळूहळू उतरवत आहेत.

दुसरी माझी मावसबहीण. तिला अजून गुण आहे, म्हणून ती ऐकत नाही. परवा तिने पाठवलेल्या फोटोत तिचा चेहरा गोल झालेला दिसला.