नाशिकहून बर्फात नेलेल्या पाच गाड्या: अख्ख्या हिवाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

डिसेंबर ते मार्च आमच्या नाशिकच्या गटातल्या पाच गाड्या हिमाचलातल्या मनाली, सोलंग, अटल बोगदा, सिस्सू आणि केलाँग या पट्ट्यात चालल्या: थार डिझेल फोर बाय फोर, जिम्नी, ग्रँड विटारा ऑलग्रिप (हीही चारही चाकांना ताकद देणारी), क्रेटा आणि इनोव्हा क्रिस्टा. टायर सगळ्यांचे कंपनीकडून आलेलेच, कारण खरे विंटर टायर आपल्याकडे सहज मिळत नाहीत. टायरवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तरच तो बर्फासाठी तपासलेला असतो. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, चिखल-बर्फ) लिहिलेलं असणं म्हणजे नक्षीपुरता दावा. साध्या टायरचं रबर साधारण 7 अंशांखाली कडक होऊ लागतं, आणि मग नक्षी कितीही खोल असो, पकड कमीच.

‘बर्फात कोणती गाडी चालते?’ असं विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चढ असतो. आमच्या मते कस लागतो तो उतारावर. चढताना पकड गेली तर गाडी बहुतेक वेळा नुसती अडते, उतरताना गेली तर थांबायला जागा उरत नाही. 40 च्या वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून आठ-नऊ मीटरमध्ये गाडी थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर त्याला तीसेक मीटर लागतात आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर साठाच्याही पुढे. फोर बाय फोरने या आकड्यांत काहीच फरक पडत नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात. म्हणून इथे प्रत्येक गाडीबद्दल आधी उताराचं लिहिलं आहे, तेही बोगद्याच्या दक्षिण तोंडापासून धुंदी-सोलंगकडे सकाळी ऊन पोहोचायच्या आत उतरतानाचं.

कसारा घाटात गाडी चालवून तयार झालेल्या हाताला एक सवय असते: उतार आला की गिअर खाली, ब्रेकला विश्रांती. ती सवय चांगलीच आहे, पण बर्फावर इंजिनचा ब्रेक नेमका कुठल्या चाकांवर पडतो हे माहीत असायला हवं. इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते. गोठलेल्या उतारावर तिला झटक्यात पहिल्या गिअरमध्ये आणून क्लच सोडला, तर फक्त मागची चाकं अडतात आणि शेपूट बाजूला सरकतं. थार किंवा जिम्नी टू-एचमध्ये (ताकद फक्त मागच्या दोन चाकांना) असेल तर तेच होतं. क्रेटात इंजिनचा ब्रेक पुढच्या चाकांवर पडतो. तिथे शेपूट जागेवर राहतं, पण पुढची चाकं घसरली की स्टीअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. फोर-एचमध्ये (ताकद चारही चाकांना) हा ओढा पुढे-मागे वाटला जातो. फोर बाय फोरचा बर्फातला आम्हाला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

गिअर खाली आणायचा तो उतार सुरू होण्याआधी, सपाटीवर. बर्फावर पहिल्यापेक्षा दुसरा बरा, आणि क्लच सावकाश सोडायचा. तरी चाकं घसरलीच, तर ब्रेक सोडा, क्लच दाबा, चाकांना मोकळं फिरू द्या आणि जायचं त्या दिशेला स्टीअरिंग थोडंसंच वळवा. पकड परत येते ती चाक फिरतं तेव्हाच.

थारबद्दल जरा सविस्तर लिहितो, ती नाशिकच्याच प्लांटमध्ये बनते आणि इथे तिच्याबद्दलच जास्त विचारणा होते. तिची फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, म्हणजे दोन अ‍ॅक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाही आणि फोर-एचमध्ये पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बांधलेला असतो. कोरड्या रस्त्यावर तसंच वळत राहिलं तर स्टीअरिंग जड होतं, ट्रान्समिशनमध्ये ताण साठतो आणि टू-एच, फोर-एच बदलण्याचा लिव्हर अडकून बसतो. अटल बोगदा 9.02 किलोमीटरचा आहे. आत रस्ता मोकळा असला की टू-एच, आणि बाहेर पडायच्या थोडं आधी, चाकं सरळ असतानाच फोर-एच. दोन्ही तोंडांशी गाड्यांबरोबर आलेला बर्फ वितळतो आणि पुन्हा गोठतो, त्यामुळे बाहेर पडून मग लिव्हर ओढायचा असं चालत नाही. फोर-एलसाठी (चारही चाकांना ताकद, पण संथ आणि जास्त ओढ्याची) गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये घ्यावी लागते. तीव्र उतारावर फोर-एलचा दुसरा गिअर आम्हाला सगळ्यात शांत वाटला. पहिल्याचा ओढा निसरड्यावर जास्त होतो.

ज्या थारमध्ये मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे, तिच्यात दोन चाकांच्या फिरण्यात फरक पडला की लॉक आपोआप लागतं. भुसभुशीत बर्फात ते वरदान आहे. पण रस्ता दरीकडे कललेला आणि वर गोठलेला थर असेल, तर मागची दोन्ही चाकं एकदम फिरून अख्खं शेपूट कलाच्या दिशेने सरकतं. अशा जागी अ‍ॅक्सिलरेटरला जेमतेम स्पर्श हवा, म्हणजे लॉक लागायची वेळच येत नाही. आणि टू-एच, फोर-एच बदलणाऱ्या त्याच ट्रान्सफर लिव्हरला ‘एन’ (न्यूट्रल) ही जागाही आहे. लिव्हर तिथे राहिला, तर गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नाही, ती हँडब्रेकवरच उभी असते. रात्री हँडब्रेक न लावण्याबद्दल पुढे लिहिलं आहे, तेव्हा हे आधी तपासा.

जिम्नीचं वजन बाराशे किलोच्या आसपास आणि टायर 195 चे अरुंद. थारचे 255 चे रुंद टायर पातळ चिखलबर्फावर तरंगू पाहतात, अरुंद टायर तो कापत खाली टेकतात. अर्धवट वितळलेल्या बर्फात आम्हाला जिम्नी जास्त भरवशाची वाटली. खोल बर्फात मात्र थारची 226 मिलिमीटरची उंची कामाला येते. दोन्हींचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) लहान आहे, त्यामुळे शेपूट सुटलं तर ते वेगाने सुटतं. स्थिरता नियंत्रण फक्त रुतलेली गाडी काढण्यापुरतं बंद करावं, कारण ते चाक जागीच गरगरताच इंजिनची ताकद कापतं. गाडी निघाली की लगेच चालू.

ग्रँड विटाराची ऑलग्रिप वेगळ्या, आपोआप लागणाऱ्या क्लचवर चालते, पायाखालच्या नव्हे. एरवी गाडी पुढच्या चाकांवर, घसरण जाणवली की ताकद मागे. स्नो मोडमध्ये अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद मऊ होतो आणि नवख्या चालकालाही गाडी जमते. कधी कोरडा, कधी गोठलेला असा मिश्र रस्ता असेल, तर पाचांत हीच सगळ्यात सोपी, लिव्हरची कटकट नाही. पण रुतल्यावर चाकं गरागरा फिरवत बसू नका. असे क्लच तापले की स्वतःला वाचवण्यासाठी मागची ताकद सोडून देतात. दोन-तीन प्रयत्नांत निघाली नाही तर उतरून फावडं घ्या.

क्रेटाच्या ऑटोमॅटिकमधला स्नो मोड फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे ताकद पाठवतो. इंजिनचं वजन चालत्या चाकांवर असल्यामुळे सपाटीला आणि सौम्य चढाला ती बरी. चढ तीव्र झाला की वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. इनोव्हाचं याच्या उलट: रिकामी असेल तर सपाटीलाही मागून वळवळते, मागे सामान आणि माणसं असली की बरीच सुधारते. या दोघींना बर्फात चेनशिवाय (टायरवर चढवायच्या साखळीशिवाय) नेऊच नये. बर्फ पडला की पोलीसही सोलंगच्या पुढे फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्याच गाड्या सोडतात.

चेन टायरच्या मापाचीच हवी. माप टायरच्या बाजूवर असतं. भाड्याने मिळणारी सैल निघाली तर ती सुटून फेंडरच्या आतल्या बाजूला आणि ब्रेकच्या पाइपवर आपटते. क्रेटात चेन पुढे, इनोव्हात मागे. फोर बाय फोरला चारही चाकांना उत्तम, एकच जोडी असेल तर गाडीचं मॅन्युअल सांगेल त्या अ‍ॅक्सलला. काही मोठ्या रिमच्या मापांना चेनची मनाईच असते, कारण टायर आणि सस्पेन्शन यांच्यात जागा उरत नाही. तेही मॅन्युअलमध्येच दिलेलं असतं.

लावायची ती सपाट जागेवर, बर्फ लागायच्या आधी. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. आकड्यांची उघडी टोकं रबराकडे नकोत, बाहेर हवीत, नाहीतर टायरची बाजू कापली जाते. चाकावर टाकून आधी आतला आकडा, मग बाहेरचा, मग ताण देणारं रबर. शंभरेक मीटर चालवून थांबा आणि पुन्हा आवळा. हे दुसऱ्यांदा आवळणं टाळल्यामुळेच बहुतेक चेन निघतात. वेग 30 च्या आत, आणि काळं डांबर दिसलं की काढून टाकायची. क्रेटात पुढे चेन असताना शेपटाला पकड नसते, म्हणून उतारावरच्या वळणात ब्रेक नाही, वळणाच्या आधीच वेग कमी. ही सगळी तालीम घराच्या पार्किंगमध्ये रबरी हातमोजे घालून एकदा करून जा. बर्फात बोटं बधिर झाल्यावर आतला आकडा हाताला सापडत नाही.

आता नाशिकमधून निघण्याआधीचं. इथे निफाडला पारा पाचाखाली उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पण शून्याच्या खाली गाडी उभी ठेवायची आपल्याला सवय नाही. डिझेलमधलं मेण थंडीत वेगळं होऊन फिल्टरवर बसतं. आपल्याकडच्या साध्या डिझेलला हिवाळी प्रतीतही फिल्टरमधून वाहण्याची मर्यादा 6 अंशांची आहे. लडाखसाठी 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहणारं वेगळं डिझेल काढावं लागलं ते यामुळेच. टाकी पाव राहील असं पाहून वर पोहोचा आणि मनालीत भरा. गोठल्याची खूण म्हणजे गाडी सुरू होते आणि काही मिनिटांत बंद पडते. अशा वेळी फिल्टरवर गरम पाण्यात भिजवलेली फडकी ठेवा आणि उन्हाची वाट पाहा. टाकीखाली जाळ करू नका आणि रॉकेल मिसळू नका, कॉमन रेल इंजेक्टर (डिझेल फवारणारे) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) दोन्ही खराब होतात.

कूलंटमध्ये उन्हाळ्यात पाण्याची भर पडलेली असते. ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे 37 पर्यंत गोठत नाही, पाव ग्लायकॉल उरलं असेल तर उणे 12 च्या आसपासच गोठतं. रिफ्रॅक्टोमीटर (ग्लायकॉलचं प्रमाण मोजणारं उपकरण) असलेल्या गॅरेजमध्ये एक थेंब तपासून घ्या, नुसता हिरवा रंग बघून हो म्हणू नका. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणी काढून न गोठणारं द्रव भरा, नाहीतर पंप जातो. बॅटरी जुनी असेल तर इथेच बदला.

टायरच्या हवेचा हिशेब गमतीचा आहे. नाशिकला 30 अंशांत 33 भरलेली हवा उणे 10 ला सहा पीएसआय उतरते. पण सिस्सूच्या उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्यामुळे गेज साडेतीनेक पीएसआय परत जास्त दाखवतो. प्रत्यक्षात साडेतीस दिसतात. सकाळी गार टायरवर मोजून कंपनीच्या आकड्याला आणा.

रात्री हँडब्रेक लावला तर ओले ब्रेक गोठून चिकटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा, वायपर उभे करा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतलं तर ती तडकते, त्याऐवजी इंजिन चालू करून डीफॉगर लावा आणि प्लास्टिकने खरवडा.

नाशिकला परतल्यावर गाडी लिफ्टवर घेऊन खालून धुऊन घ्या आणि चेन लावलेल्या चाकांशी सीव्ही जॉइंटचे (चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्यांचे) रबरी बूट व टायरच्या आतल्या बाजू बोटाने चाचपा. चिरलेला बूट वेळीच सापडला तर बूट आणि ग्रीसवर भागतं, नाहीतर थोड्याच दिवसांत वळताना कटकट आवाज येतो आणि अख्खा जॉइंट बदलावा लागतो. चेन गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, तेलाचा हात फिरवून ठेवा. ओली गोणीत टाकली तर पुढच्या हिवाळ्यात आकडे गंजून उघडत नाहीत.