जमिनीतून उष्णता घेणारा हीट पंप: पूर्ण हिवाळा वापरल्यानंतर

पंप चांगला आहे, हे आधीच सांगतो. आवाज फ्रीजपेक्षा थोडाच जास्त, घर दिवसरात्र एकसारखं उबदार, आणि घराबाहेर घरघरणारा पंखा नाही. पण बसवणाऱ्यांनी ज्या सेटिंगवर तो चालू करून दिला, त्यावर वीज विनाकारण जात होती. नुसत्या सेटिंगमधून किती वीज वाचते हे विकताना कुणी सांगत नाही, म्हणून मुख्यतः त्याबद्दलच लिहितोय.

सगळं गणित दोन तापमानांतल्या अंतराचं आहे: जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून फिरून येणारं द्रव किती गार आणि घरात जाणारं पाणी किती गरम. द्रव शून्य अंशावर येत असताना 50 अंशांचं पाणी करायचं, तर एका युनिट विजेतून सिद्धांताने जास्तीत जास्त साडेसहा युनिट उष्णता मिळते; 35 अंशांवर भागलं तर पावणेनऊ. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपासच हाती येतं, पण कल तोच. ढोबळमानाने पाणी एक अंशाने उतरवलं की वीज दोन-अडीच टक्के कमी लागते.

म्हणून पहिलं काम हीटिंग कर्व्हचं, म्हणजे बाहेर किती थंडी असताना पाणी किती गरम करायचं ते ठरवणारी रेषा. माझ्याकडे ती खूप वर ठेवलेली होती आणि खोल्यांतले थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह ती जादा उष्णता अडवत बसायचे. व्हॉल्व्ह अडवतात, पाणी फिरायचं कमी होतं, परतीचं पाणी गरमच येतं आणि कॉम्प्रेसर थोड्या थोड्या वेळाने बंद-चालू होत राहतो. उपाय सोपा, पण धीराचा. सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे, कर्व्ह एक पायरी खाली आणायची आणि दोन दिवस हात लावायचा नाही. घराच्या फरशीखालच्या नळ्यांचं हीटिंग असेल तर आणखी थांबा. काँक्रीट सावकाश तापतं. सगळ्यात गार खोली कुरकुरायला लागली की तिथे थांबून त्या खोलीकडे पाण्याचा वाटा वाढवायचा, कर्व्ह नाही. बाहेर गोठणबिंदूच्या आसपास थंडी असताना माझ्याकडे आता 36 अंशांचं पाणी पुरतं. आधी 45 जायचं. बाहेर सारखीच थंडी असलेले दिवस शोधून वीज आणि उष्णतेचे मीटर ताडून पाहिले, तर तीनच्या आसपास असलेला सीओपी, म्हणजे एका युनिट विजेतून मिळणारी उष्णतेची युनिटं, चारला टेकलाय.

रात्री तापमान खाली आणणं मी बंद केलं. पहाटे घर पुन्हा तापवायच्या घाईत पंपाच्या आतला इलेक्ट्रिक हीटर सुरू व्हायचा, आणि त्याच्याकडून एका युनिटला एकच युनिट उष्णता मिळते. त्या हीटरचे चालू तास मेनूमध्ये दिसतात. ते जरूर बघा.

आंघोळीचं पाणी 60 वरून 50 अंशांवर आणलं. फुप्फुसांचा आजार करणारा लिजिओनेला जिवाणू साधारण 20 ते 45 अंशांत वाढतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा टाकी 60 पर्यंत तापवण्याचा कार्यक्रम चालूच ठेवलाय. तो बंद करून वीज वाचवू नये.

जमिनीकडच्या बाजूला एकच गोष्ट नियमित पाहतो: जाणाऱ्या आणि येणाऱ्या द्रवाच्या तापमानांतलं अंतर. ते तीन-चार अंश हवं. हिवाळा सरत येईल तशी दोन्ही तापमानं हळूहळू उतरतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मधलं अंतर रुंदावलं तर मात्र प्रवाह कमी पडतोय. माझ्याकडे ते सहावर गेलं. फिल्टरची जाळी काढली तर करडा गाळ, प्लॅस्टिकचा कीस आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे, सगळं बसवतानाचंच. जाळी धुतल्यावर अंतर लगेच जागेवर आलं. पहिल्याच वर्षी ही जाळी बसवणाऱ्यांकडून समोर उभं राहून साफ करून घ्या.

तक्रार एकच, पण मनापासून: कर्व्हची सेटिंग तंत्रज्ञाच्या मेनूत कोडमागे लपवलेली आहे. ज्याच्या बिलावर तिचा परिणाम होतो, त्याला ती सहज सापडायला हवी.

आता राहिलीय बफर टाकी, म्हणजे पंप आणि रेडिएटर यांच्या मधली गरम पाणी साठवणारी टाकी. पंप 36 अंशांचं पाणी देतो, टाकीत परतीचं पाणी मिसळतं आणि रेडिएटरकडे 33 चं जातं. ते तीन अंश कॉम्प्रेसरला फुकट चढावे लागतात. घरभरचे व्हॉल्व्ह आता उघडेच असल्याने पाण्याचा प्रवाह पुरेसा आहे, त्यामुळे उन्हाळ्यात जोडणी बदलून टाकी फक्त परतीच्या नळीवर घेणार आहे.