पहिला कंट्री अल्बम: केसी घ्यावा की स्टेपलटन?

कंट्री (अमेरिकेतल्या गावाकडच्या वळणाचं संगीत) म्हणजे काऊबॉय टोपी, ट्रक आणि बिअर एवढंच डोक्यात असेल आणि तरी एकदा ऐकून बघायचं असेल तर केसी मसग्रेव्हजचा 'सेम ट्रेलर डिफरंट पार्क' (2013) आणि क्रिस स्टेपलटनचा 'ट्रॅव्हलर' (2015) यातला एक उचला. दोन्ही पदार्पणाचे (केसीने टेक्सासात स्वतःच काढलेले आधीचे अल्बम सोडून देऊ), दोन्ही मर्क्युरी नॅशव्हिल या रेकॉर्ड कंपनीचे, दोघांनाही बेस्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी. बाकी काहीच जुळत नाही.

स्टेपलटन म्हणजे आवाज. अल्बम आला तेव्हा गडी 37 चा, तोवर नॅशव्हिलमधे, म्हणजे कंट्रीच्या माहेरघरात, दुसऱ्यांना गाणी लिहून देत होता, मग नोव्हेंबरमधे सीएमए अवॉर्ड्सला (कंट्रीवाल्यांचे मोठे पुरस्कार) पॉप गायक जस्टिन टिंबरलेकबरोबर गायला आणि मे मधे आलेला अल्बम तेव्हा कुठे बिलबोर्ड 200 वर, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमांच्या यादीत, एक नंबरला गेला. 'टेनेसी व्हिस्की' मूळ त्याचं नाही, जुना कंट्री गायक जॉर्ज जोन्सने 1983 मधे हिट केलेलं, पण याने ते इतकं संथ केलंय, सोलच्या (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावभरल्या गाण्याच्या) अंगाने नेलंय, आणि त्या खरखरीत गळ्यातून अशा हरकती काढतो की शब्द नाही कळले तरी चालतं. मागे बायको मॉर्गनचा आवाज, तोही लक्ष देऊन ऐका. तक्रार एकच, 14 गाणी, तासाच्या वर, मधे मधे रेंगाळतो राव.

केसीचं उलटं. आवाज साधा, जोर अजिबात लावत नाही, पण लिहिते काय! 'मेरी गो राउंड' मधे बँजो गोडगोड वाजतोय आणि ती शांतपणे सांगतेय की आई मेकअपच्या नादात, भाऊ गांजाच्या आणि बाबा दोन घरं सोडून राहणाऱ्या बाईच्या, रविवारी चर्च आहेच. 'फॉलो युअर अ‍ॅरो' मधे तर ज्याला जे करायचंय ते करू दे म्हणते, मुलींनी मुलींना किस करण्यापर्यंत, आणि हे जुन्या वळणाच्या कंट्री रेडिओवाल्यांसमोर, तरी 2014 चं सीएमए साँग ऑफ द इयर तेच. 12 गाणी, साधारण 40 मिनिटं.

तर इंग्रजी शब्द नीट कळत असतील, भावगीतं शब्दांसाठी ऐकत असाल तर केसी, डोळे झाकून. ब्लूज-सोल आवडत असेल किंवा रात्रीच्या लांब ड्राइव्हला काहीतरी हवं असेल तर स्टेपलटन. मला विचाराल तर केसीच आधी, कारण स्टेपलटन कंट्री न आवडणाऱ्यालाही आवडतो, त्यावरून तुम्हाला कंट्री झेपतंय का ते कळणारच नाही. आणि एलपी घेणार असाल तर 'ट्रॅव्हलर' दोन रेकॉर्डचा आहे, खिसा बघून घ्या.