सात फुटी बोआला घर शोधताना: फ्लोरिडाच्या एक्झॉटिक पेट अ‍ॅम्नेस्टीचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच. फ्लोरिडात नको असलेला साप, इग्वाना (मोठा सरडा), पोपट असं काही कुणाच्या गळ्यात पडलं तर स्टेटच्या वाइल्डलाइफ खात्याची, म्हणजे एफडब्ल्यूसीची, एक्झॉटिक पेट अ‍ॅम्नेस्टी (अ‍ॅम्नेस्टी म्हणजे माफी) नावाची सेवा आहे. फुकट आहे, वर्षभर चालते, आणि प्राणी बेकायदा पाळलेला असला तरी देणाऱ्याला दंड नाही. आपल्या ग्रुपमध्ये कुणालाच हे माहीत नव्हतं म्हणून लिहितेय.

झालं असं की टॅम्पातलं आमचं भाड्याने दिलेलं घर भाडेकरूने सोडलं, सोफा नेला, टीव्ही नेला, आणि मागच्या खोलीत काचेच्या टँकमध्ये रेड टेल बोआ जातीचा बिनविषारी साप ठेवून गेला, मादी, सात फुटांच्या आसपास, आणि त्याचा फोन कायमचा बंद. कात अर्धवट अडकलेली, डोळ्यांवरचा पापुद्राही निघालेला नाही, थर्मोस्टॅट बंद पडलेला आणि खवल्यांच्या फटीत माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक काळे किडे. माझं सासर बत्तीस शिराळ्याकडचं, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर साप दाखवला तर सासूबाई घाबरायचं सोडून म्हणाल्या, "अगं सर्पमित्राला बोलाव की, नेऊन सोडेल रानात."

तिकडे ते बरोबरच आहे, तिथला नाग किंवा धामण तिथल्याच रानातली. इथे परदेशी साप बाहेर सोडणं हाच गुन्हा. एव्हरग्लेड्समध्ये, म्हणजे दक्षिण फ्लोरिडाच्या दलदलीत, बर्मीज पायथन या अजगरांनी काय केलंय ते वाचा, 2012 मध्ये आलेल्या एका अभ्यासात तिथे रस्त्यावर दिसणारे रकून 99 टक्क्यांहून जास्त कमी झाल्याचं निघालं, पोसम जवळपास तितकेच, आणि ते पायथन मुळात पाळण्यासाठीच आणलेले. बोआही मायामीच्या डीअरिंग इस्टेटच्या भागात रानटी होऊन राहिलेत. त्यामुळे ही सेवा फुकट का देतात हे वेगळं सांगायला नको, सुटलेला साप गवतात शोधत बसण्यापेक्षा हे स्वस्तच पडत असणार.

आधी बाकीचे पर्याय बघितले. एका शेल्टरने सांगितलं आम्ही फक्त कुत्री-मांजरं घेतो. एका पेट शॉपवाल्याने लगेच "आणा" म्हटलं पण पुढे कुणाला विकणार यावर नुसतं हसला. ऑनलाइन विचारणा केली तर मेसेज धडाधड आले, सगळ्यांचं एकच, फ्री आहे ना, टँकपण देणार का, आज रात्री येऊ का. काय खाते, शेवटचं कधी खाल्लं, चावते का, एकानेही विचारलं नाही. एकाला मुलाच्या बर्थडेला सरप्राइज द्यायचं होतं. अरे बाबा, हा प्राणी वीस-पंचवीस वर्षं जगतो, मुलगा कॉलेज करून नोकरीला लागेल तरी साप घरातच.

अ‍ॅम्नेस्टीचं वेगळेपण इथेच आहे. साप कुणाला मिळणार हे त्यांच्याकडे आधी अर्ज करून मंजूर झालेल्या लोकांमधूनच ठरतं. मी हॉटलाइनला कळवलं, जात, अंदाजे लांबी, तब्येत, खाणं, सोबत टँक आहे का, फोटो, एवढं घेतलं. बोलणारी बाई शांत होती, "तुमच्याकडे कसा काय आला" असा पोलिसी सूर अजिबात नाही. बोआला परमिट लागत नाही त्यामुळे आमचं सोपं होतं. बर्मीज किंवा रेटिक्युलेटेड पायथन असता तर 2021 च्या नियमांनंतर ते फ्लोरिडात पेट म्हणून कुणाला देताच येत नाहीत, परमिटवालीच जागा शोधावी लागते.

आता कापलेला स्टार. त्यांच्याकडे साप ठेवायला जागा नाही! घर मिळेपर्यंत सांभाळायचं तुम्हीच. हे पहिल्याच फोनवर ठळकपणे सांगायला हवं होतं, मला ते बोलता बोलता कळलं. मग काय, गरम बाजू नव्वद फॅरनहाइटच्या आसपास आणि गार बाजू ऐंशीच्या खाली राहील असा नवा थर्मोस्टॅट, रेप्टाइल बघणारा व्हेट (सगळे व्हेट साप बघत नाहीत, आधी विचारा), माइट्सचं औषध, खाली रोज बदलायला साधे पेपर टॉवेल, आणि आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही तर गराजमध्ये छोटा फ्रीझर घेऊन त्यात गोठवलेले उंदीर. खर्च सगळा आपला. नवऱ्याने फ्रीझरवर मोठ्ठं लेबल लावलं, का तर पाहुण्यांपैकी कुणी आइस्क्रीम शोधायला जाऊ नये.

शेवटी ज्यांनी घेतलं ते गृहस्थ मला का पटले सांगते, त्यांनी आधी नकार दिला. म्हणाले माइट्स पूर्ण गेल्याशिवाय मी नेणार नाही, माझ्याकडे आणखी बोआ आहेत. बोआंमध्ये इन्क्लूजन बॉडी डिसीज नावाचा व्हायरसचा आजार असतो, त्यावर इलाज नाही, आणि माइट्समधून तो पसरत असावा असं व्हेटही म्हणाले. नेल्यानंतरही वेगळ्या खोलीत तीन महिने, वेगळी भांडी, साप उचलायचा वेगळा हूक, आणि तिचं काम दिवसात सगळ्यात शेवटी करायचं, असा त्यांचा क्वारंटाइन. पिंजऱ्याचा फोटो मी मागायच्या आत पाठवला, कुलूप आणि थर्मोस्टॅटचा प्रोब दिसेल असा. मी विचारलं एवढ्या मोठ्या सापाला एकटे हाताळता का, तर उत्तर आलं की घरात दुसरा मोठा माणूस असल्याशिवाय पिंजराच उघडत नाही. घर स्वतःचं, त्यामुळे घरमालकाच्या परवानगीचा प्रश्न नाही. त्यांनीही मला भरपूर पिडलं, शेवटची शी कधी, खाल्लेलं कधी उलटलं का, उंदीर गोठवलेला घेते की जिवंतच लागतो. मला तारखा लिहून ठेवायची सवय आहे ती कामी आली.

नेताना: आधीचे काही दिवस खायला द्यायचं नाही, नाहीतर गाडीत उलटवते. साप उशीच्या अभ्र्यात, वर गाठ, अभ्रा भोकं पाडलेल्या कडी लागणाऱ्या प्लॅस्टिक टबमध्ये, टब मागच्या सीटवर एसीत. डिकीत ठेवू नका, फ्लोरिडाच्या उन्हात मरेल. आणि कुणी दुसऱ्या स्टेटमधून "कुरिअर करा" म्हणालं तर, पोस्टाने साप पाठवायला मनाई आहे. मी एका कागदावर लिहून घेतलं की सांभाळणं जमलं नाही तर विकायचा नाही, आधी मला किंवा अ‍ॅम्नेस्टीला कळवायचं. कोर्टात त्याला किती किंमत आहे देव जाणे पण त्यांनी न कुरकुरता सही केली.

पुण्या-मुंबईत बॉल पायथन वगैरे ठेवणाऱ्यांसाठी, तिकडे 2022 ची वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती आणि 2024 चे नियम आल्यापासून असे साप केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात आणि दुसऱ्याला दिले तर तेही कळवावं लागतं. मित्राला असाच देऊन टाकला हे आता चालत नाही.

वाट बघणं जमणारच नसेल तर एफडब्ल्यूसी अधूनमधून अ‍ॅम्नेस्टीचे इव्हेंट घेते, तारखा त्यांच्या साइटवर असतात. तिथे प्राणी थेट जमा करता येतो, व्हेट तपासतो, आणि मंजुरी मिळालेले लोक त्याच दिवशी घेऊन जातात. आपल्या हातातून नेमका कुणाकडे गेला ते तिथे बघता येईलच असं नाही, म्हणून मी तो रस्ता घेतला नाही. तुम्ही घेतलात तर टबवर साप काय खातो ते चिकटपट्टीने लावा, आणि अभ्रा जुना न्या, परत मिळत नाही.