झणझणीत जेवणासोबत शेनिन ब्लाँ की शिराझ?

नाशिककडच्या या दोन्ही वाइन आमच्या घरी असतात, पण रोजच्या जेवणासाठी माझी पसंती ठरलेली आहे: शेनिन ब्लाँ, म्हणजे पांढरी वाइन. रवा लावलेली सुरमईची तुकडी तव्यावरून थेट ताटात आली, कडा अजून चुरचुरताहेत, वर लिंबू पिळलं, की ८ ते १० अंशांपर्यंत गार केलेल्या शेनिनचा एक घोट घ्या. तिचा आंबटपणा तेलकटपणा धुऊन काढतो. बाटली किंचित गोडसर असेल तर तिखटही सौम्य लागतं. कोथिंबीर वडीशीही तिचं छान जमतं.

शिराझ या लाल वाइनचं तसं नाही. तिच्यात द्राक्षाच्या सालीतून उतरलेलं टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरट घटक, असतं, अल्कोहोलही बहुधा जास्त. दोन्हींमुळे मिरचीची आग भडकते. तांबड्या रश्श्यासोबत घेऊन पाहिली, तर जीभ पोळली आणि वाइन कडवट लागली. मात्र सुक्या मटणात मिरची बेताची आणि भाजलेलं खोबरं, काळी मिरी सढळ असेल, तर मला शिराझच हवी. तिच्यातही मिरीचा वास दरवळतो. फक्त आपल्या उन्हाळ्यात ती कपाटातून काढून थेट ओतू नका, आधी २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.