प्रोसेसरच्या कॅशसाठी एसरॅमऐवजी काय निवडावे?

येत्या दोन-तीन वर्षांत नव्या प्रोसेसरचा आराखडा पक्का करायचा आहे अशा गटापुढे शेवटच्या पातळीवरचा कॅश (प्रोसेसरच्या आतली, मुख्य मेमरीच्या अलीकडची मोठी आणि वेगवान मेमरी) कशाचा बांधायचा हा प्रश्न आज खरोखरच खुला आहे. आजवर त्याचे उत्तर ठरलेले होते, कारण सहा ट्रान्झिस्टरांचा एसरॅम सेल, म्हणजे एक बिट साठवणारा घटक, प्रत्येक नव्या प्रक्रियेत लहान होत गेला. चिप बनवणाऱ्या टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेत हा सेल ०.०२१ चौरस मायक्रोमीटरचा होता आणि पुढच्या एन३ई या ३ नॅनोमीटर प्रक्रियेतही तो तेवढाच राहिला. लॉजिक, म्हणजे हिशेब करणारी सर्किटे, आक्रसले, मेमरी मात्र जिथल्या तिथे राहिली. २ नॅनोमीटर प्रक्रियेत दर चौरस मिलिमीटरला ३८ मेगाबिट एवढी घनता टीएसएमसीने जाहीर केली आहे. त्या हिशेबाने ३२ मेगाबाइटचा कॅश सुमारे ७ चौरस मिलिमीटर जागा घेतो, आणि तीही सर्वात महागड्या वेफरवर, म्हणजे चिप ज्यावर कोरतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर.

पर्यायांची तुलना बहुधा घनतेपासून सुरू होते, पण माझ्या मते पहिली चाळणी टिकाऊपणाची लावावी. समजा, कॅशमधल्या एखाद्या गजबजलेल्या जागेवर सरासरी दर मायक्रोसेकंदाला एकदा लेखन होते. दहा लाख लेखने सोसणारा सेल अशा जागी एका सेकंदात संपेल. १० च्या १२ व्या घाताइतकी लेखने सोसणारा साडेअकरा दिवस टिकेल. १० चा १५ वा घात गाठणारा सुमारे ३१ वर्षे. लेखनाचा भार सगळीकडे वाटून देण्याच्या युक्त्या आहेत, परंतु त्यांनी या आकड्यांमधली दरी बुजत नाही. या एका कसोटीवर आरआरॅम (विद्युतरोध बदलून बिट साठवणारी), फेज-चेंज मेमरी (पदार्थाची अवस्था बदलून साठवणारी) आणि फेरोइलेक्ट्रिक ट्रान्झिस्टर (विद्युत ध्रुवीकरणावर साठवणारा) हे तिघेही कॅशच्या शर्यतीतून आजच्या घडीला बाद होतात. प्रोग्रॅम साठवण्यासाठी ते चांगले आहेत; वाहनांच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सने फेज-चेंज मेमरी आणली, ती त्याच कामासाठी.

एसटीटी-एमरॅम या चुंबकीय मेमरीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जेमतेम १ नॅनोमीटर जाडीच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना चुंबकीय थर असतात आणि त्यांच्या दिशा एकमेकींशी जुळतात की उलट आहेत, यावर बिट ० की १ हे ठरते. अडचण अशी की वाचनाचा आणि लेखनाचा प्रवाह याच पडद्यातून जातो. लेखन वेगवान हवे तर प्रवाह वाढवावा लागतो आणि पडदा झिजतो. माहिती दहा वर्षे टिकायला हवी असेल तर चुंबकाची दिशा पालटणे मुळातच जड जाते. शिवाय एवढा प्रवाह पुरवणारा ट्रान्झिस्टर रुंद असावा लागतो, त्यामुळे ‘एक ट्रान्झिस्टर, एक जोड’ (जोड म्हणजे हा पडदा आणि त्याचे चुंबकीय थर) या कागदावरच्या घनतेतला बराचसा लाभ तिथेच खर्ची पडतो. २०१९ मध्ये सॅमसंगने २८ नॅनोमीटर प्रक्रियेवर ही मेमरी व्यावसायिक उत्पादनात आणली, तीसुद्धा फ्लॅशच्या जागी. वीज गेल्यावरही माहिती राहणे हा तिचा मोठा गुण खरा, पण कॅशमधली माहिती काही मिलिसेकंदांत शिळी होत असताना त्या गुणाची किंमत प्रत्येक लेखनामागे का मोजावी, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

एसओटी-एमरॅम या तिच्याच दुसऱ्या प्रकारात लेखनाचा प्रवाह पडद्याखालच्या टंगस्टनसारख्या जड धातूच्या पट्टीतून जातो, पडद्यातून जात नाही. त्यामुळे लेखन नॅनोसेकंदाच्याही आत होऊ शकते. बेल्जियमच्या आयमेक संस्थेने २०२३ मध्ये १० च्या १५ व्या घातापलीकडचा टिकाऊपणा आणि बिटमागे १०० फेम्टोज्यूलहून कमी लेखन-ऊर्जा दाखवली. मात्र वाचन-लेखनाच्या वाटा वेगळ्या झाल्याने सेलला साधारणपणे दोन ट्रान्झिस्टर लागतात, आणि बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राशिवाय दिशा खात्रीने पालटवणे हे स्वतंत्र दुखणे आहेच.

कॅशच्या गरजेशी सर्वात जवळचे नाते मला गेन-सेलचे वाटते. यात दोन ट्रान्झिस्टर असतात. एकातून विद्युतभार दुसऱ्याच्या गेटवर, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकावर, साठवायचा आणि तो न पुसता त्या दुसऱ्यातूनच वाचायचा. झीज हा येथे मुख्य अडसर नाही. अडसर गळतीचा आहे. नेहमीच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरांत साठवलेला भार मायक्रोसेकंद ते मिलिसेकंदांत गळतो, म्हणून बिटे सतत ताजी करावी लागतात. इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइडचा ट्रान्झिस्टर वापरल्यास गळती नगण्य होते. २०२० मध्ये आयमेकने ४०० सेकंदांहून अधिक काळ भार टिकवून दाखवला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे ऑक्साइड कमी तापमानात बसवता येत असल्याने मेमरीचे थर लॉजिकच्या वर, धातूच्या तारांमध्येच रचता येतात. उणिवाही ठळक आहेत: प्रवाह सिलिकॉनच्या मानाने क्षीण असतो, आणि हायड्रोजनमुळे किंवा दीर्घकाळच्या विद्युत दाबामुळे थ्रेशोल्ड व्होल्टेज, म्हणजे ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला चालू होतो ते, सरकते.

घनता असूनही तंत्र कसे मागे पडते, याचा धडा आयबीएमने दिलेला आहे. २०१० च्या पॉवर७ मध्ये ३२ मेगाबाइटचा कॅश ईडीरॅमचा, म्हणजे सिलिकॉनमध्ये खोल कोरलेल्या कपॅसिटरांचा होता. पुढे आयबीएमचे कारखाने ग्लोबलफाउंड्रीजकडे गेले, त्या कंपनीने २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरचा नाद सोडला, आणि सॅमसंगकडे बनलेल्या टेलम प्रोसेसरमध्ये आयबीएम पुन्हा एसरॅमकडे वळली. म्हणून प्रयोगशाळेतल्या आकड्यांआधी आपल्या फाउंड्रीच्या (चिप बनवून देणाऱ्या कारखान्याच्या) डिझाइन किटमध्ये, म्हणजे ती देत असलेल्या तयार घटकांच्या संचात, तो सेल आहे का, हे पाहावे.

मग आज काय घ्यावे? दोन-तीन वर्षांत चिप बाजारात न्यायची असेल तर रचलेला एसरॅम, म्हणजे प्रोसेसरवर चढवलेला वेगळा तुकडा, घ्यावा. एएमडीच्या ५८००एक्स३डी प्रोसेसरमध्ये २०२२ साली ३२ मेगाबाइटवर आणखी ६४ मेगाबाइटचा तुकडा चढवण्यात आला. २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये तोच तुकडा प्रोसेसरच्या खाली नेला, कारण वर असताना तो कोअरची उष्णता अडवत होता. एसरॅम फारसा आक्रसत नसल्यामुळे असा तुकडा जुन्या, स्वस्त प्रक्रियेवर बनवला तरी फारसे बिघडत नाही. जोडणीचा खर्च मात्र सोसावा लागतो, आणि तो सर्व्हरच्या चिपला परवडतो, स्वस्त चिपला नाही.

त्यापुढच्या पिढीसाठी चाचणी-चिपचा एकच प्रयोग परवडत असेल, तर तो ऑक्साइड गेन-सेलवर करावा. त्यात सरासरी बिट किती वेळ टिकतो हे न विचारता ८५ अंश सेल्सिअसला सर्वात दुबळा बिट किती टिकतो आणि हजार तासांनंतर थ्रेशोल्ड किती सरकते, हे दोनच आकडे मागावेत.