कानोनेनफीबर: आठ महिने रोज ऐकल्यावर

जर्मनची ए-टू, म्हणजे प्राथमिक टप्प्यातली दुसरी पातळी संपली तेव्हा आमच्या क्लासच्या बाईंनी सांगितलं, आता कान तयार करा, बातम्या ऐका, गाणी ऐका. मला हेवी मेटल संगीताचं वेड अकरावीपासूनचं. बातम्या राहिल्या बाजूला आणि मी कानोनेनफीबरपाशी येऊन थांबले. जर्मनीतल्या बामबेर्गचा बँड, 2020 मध्ये सुरू झालेला. मेलोडिक डेथ आणि ब्लॅक मेटल या मेटलच्या दोन आक्रमक प्रकारांच्या बांधावरचं संगीत, शब्द जर्मन आणि विषय पहिलं महायुद्ध. स्टुडिओतलं जवळपास सगळं काम 'नॉइझ' हे टोपणनाव घेतलेला एकच माणूस करतो. मंचावर पूर्ण बँड असतो, सगळ्यांचे चेहरे झाकलेले.

नावाचा अर्थ तोफेचा ताप. गोळे डोक्यावरून जायला लागले की सैनिकाला भरतं ते कापरं. 1792 च्या फ्रान्समधल्या वाल्मीच्या लढाईत जर्मन कवी गटे हा ताप अनुभवायला मुद्दाम तोफांच्या टप्प्यात गेला होता आणि त्याने ते लिहूनही ठेवलंय.

पहिले दोन महिने मी फक्त संगीतच ऐकलं. सुरुवात केली ती 2021 च्या 'मेन्शेनम्युले' या पहिल्या अल्बमपासून. मेन्शेनम्युले म्हणजे माणसं दळणारी गिरणी. ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान मारा, कितीही सुसाट असो, त्याच्यावर गिटारची एक चाल असते आणि ती दिवसभर डोक्यातून जात नाही. 'डिके बेर्था' हे गाणं क्रुप या जर्मन कंपनीच्या 42 सेंटीमीटरच्या तोफेवर आहे. 1914 च्या ऑगस्टमध्ये याच तोफांनी बेल्जियमचे लीएजचे किल्ले फोडले. हे मला गाण्यामुळे शोधावंसं वाटलं, आणि माझ्या मते बँडची अर्धी कमाई इथेच आहे.

मग मी शब्द घेऊन बसले. नॉइझचा ग्रोल, म्हणजे घशातून गुरगुरत गाणं, जाडाभरडा असला तरी उच्चार स्वच्छ आहेत, ए-टूवाल्यालाही अधूनमधून अख्खं वाक्य पकडता येतं. पहिल्या अल्बमच्या शेवटी 'फेरशार्ट उंड उनगेर्युम्ट' नावाचं गाणं आहे. सगळी आदळआपट थांबते, अकूस्टिक गिटार सुरू होते. उनगेर्युम्ट म्हणजे ज्याचं कुणी गुणगान केलं नाही असा, हे लगेच कळलं. फेरशार्टसाठी शब्दकोश उघडला. 'पुरलेला' एवढाच अर्थ धरून पुढे गेले असते, पण खाली मूळ क्रियापद दिसलं, 'शारेन'. कोंबडी पायांनी माती उकरते ना, ते. म्हणजे घाईघाईत माती उकरून, वर थोडी लोटून, विधीबिधी न करता मोकळं होणं. आजोळी परसात कोंबड्या असायच्या, तो खरखर आवाज माझ्या ओळखीचा आहे. त्या रात्री मी ते गाणं पाच वेळा ऐकलं.

या बँडचं मोठेपण मला इथे दिसतं. गाण्यांना सैनिकांच्या पत्रांचा आणि त्या काळच्या कागदपत्रांचा आधार आहे. त्या युद्धात जर्मन लष्करी टपालाने सुमारे 2,800 कोटी पत्रं आणि पार्सलं वाहिली. त्या ढिगातला साधा शिपाई इथे बोलतो. सेनापतीचा जयजयकार मला आठ महिन्यांत एकदाही ऐकू आला नाही.

2024 चा 'डी उरकाटास्ट्रोफे' हा दुसरा अल्बम जास्त घोटीव आहे. 'डेर माउलवुर्फ', म्हणजे चिचुंदरीसारखा जमिनीखाली राहणारा मोल, हे शत्रूच्या खंदकाखाली बोगदे खणणाऱ्यांचं गाणं, आणि ते जबरदस्त आहे. पण ड्रम इतके चकाचक वाजतात की चिखल कमी पडतो. पहिल्या अल्बमचा ओबडधोबडपणा मला अजूनही जवळचा वाटतो.

एक गोष्ट मात्र खटकते. मैफलींचे व्हिडिओ पाहिले. जुने गणवेश, मंचावर आगीचे लोळ, आणि खाली जल्लोष करणारी गर्दी. शब्द समजत असतील तर तो जल्लोष पोटात कालवतो. चेहरे झाकल्यामुळे कुणी एक नायक होत नाही, हे पटतं. तरी मी व्हिडिओ बंद करून हेडफोन लावते.

हे युद्ध आपल्यापासून लांबचं वाटत असेल तर साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाची आठवण ठेवा. तिथले 46 जण त्या युद्धात मारले गेले. आपल्याकडे कितीतरी गावांत तेव्हाच्या सरकारने बसवलेली संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. अनेक पाट्यांवर फक्त आकडे, नावं नाहीत. उनगेर्युम्ट हा शब्द मला तिथे पुन्हा भेटला.

नव्याने ऐकणाऱ्यांनी 'मेन्शेनम्युले' क्रमानेच ऐकावा, शेवटचं गाणं आधी लावू नये. पहिल्या दोन वेळा शब्द न बघता, मग शब्द समोर ठेवून. सलग दोन्ही अल्बम लावले तर कान आणि मन दोन्ही थकतात, मी आता एका वेळी एकच ऐकते. रेकॉर्ड मागवणार असाल तर विक्रेत्याला पॅकिंगबद्दल आधी विचारा. माझी वाकून आली आणि बदलून मिळायला सात आठवडे गेले. सध्या पाणबुडीवरचा 2023 चा 'उ-बोट्समान' हा ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटा गाण्यांचा संच, चालू आहे. त्यातले नौदलाचे शब्द अजून अडतात, वहीत दोन पानं भरली आहेत.